भाजलेल्या रुग्णाचं पोषण: अल्ब्युमिनच्या आकड्यावर किती विसंबायचं?

पाटीपेन्सिल

गंभीर भाजलेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) २.१ दिसलं की शेरा ठरलेला: "कुपोषण, प्रथिनं वाढवा." चार दिवसांनी पुन्हा २.१, पुन्हा तोच शेरा. माझं स्पष्ट मत आहे की पहिले दोन-तीन आठवडे हा आकडा पोषणाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याच्या मागे लागून आपण ज्या आकड्यांकडे बघायला हवं ते सोडून देतो.

चर्चेला धरायला एक कल्पित रुग्ण घेऊ. पुरुष, वय ३०, उंची १७० सेंमी, भाजण्यापूर्वीचं वजन ७० किलो, शरीराचा ४० टक्के पृष्ठभाग भाजलेला. आज दहावा दिवस. सरासरी ताप ३८.५ सेल्सियस, वजन ७४ किलो. अल्ब्युमिन २.१, प्रीअल्ब्युमिन (यकृतात बनणारं आणखी एक प्रथिन) ९, सीआरपी (दाहात वाढणारं प्रथिन) १८०, कॅल्शियम ७.४, फॉस्फरस १.८, सोडियम १४९, साखर २१०, क्रिएटिनिन ०.५. नळीवाटे आहार चालू आहे.

यातला कुठला आकडा काय सांगतो आणि कशावर काय करायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

रसायनी

अल्ब्युमिनपासूनच सुरू करते. ते खाली येण्याची तीन कारणं आहेत आणि तिन्ही आहाराच्या बाहेरची. पहिलं, भाजल्यावर काही तासांतच केशवाहिन्या झिरपू लागतात आणि अल्ब्युमिन रक्तातून ऊतींमध्ये व जखमेच्या स्रावात जातं. दुसरं, सलाईनमुळे रक्त पातळ होतं. तुमच्या रुग्णाला पार्कलंडच्या सूत्राने (४ मिलि × वजन × भाजलेले टक्के) ४ × ७० × ४० म्हणजे ११,२०० मिलि द्रव पहिल्या २४ तासांत लागतो, त्यातला निम्मा भाजल्या वेळेपासून ८ तासांत. तिसरं, यकृत आपलं काम बदलतं. सीआरपी, फायब्रिनोजेन यांसारखी दाहातली प्रथिनं आधी बनवतं आणि अल्ब्युमिनचं उत्पादन मागे टाकतं.

शिवाय अल्ब्युमिनचं अर्धायुष्य (निम्मं संपायला लागणारा काळ) सुमारे २० दिवसांचं. आहार आज सुधारला तरी चार दिवसांत आकडा हलणार नाही. मग चार दिवसांनी बघून काय मिळणार?

गारवा

+१. आणि बाहेरून अल्ब्युमिनची बाटली लावली की आकडा वर जातो, पण म्हणून पोषण सुधारलं असं होत नाही. ती द्यायची कारणं वेगळी आहेत, त्यांचा आहाराशी संबंध नाही.

तिसरा प्रहर

थोडा विरोध नोंदवतो. अल्ब्युमिन निरुपयोगी नाही. फार कमी अल्ब्युमिन असलेल्या रुग्णांत गुंतागुंत आणि मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, हे सातत्याने दिसलेलं आहे. रुग्ण किती आजारी आहे याचा तो चांगला निर्देशक आहे. पोषणाचा नाही म्हणून तपासणीच बंद करा, असं कोणी वाचू नये. अल्ब्युमिनला बांधली जाणारी औषधं चालू असतील तर मात्रा ठरवतानाही तो लागतो.

पाटीपेन्सिल

@तिसरा प्रहर, मान्य. तपासणी बंद करा असं म्हणायचं नव्हतं. तिच्यावरून प्रथिनांची मात्रा ठरवू नका, एवढंच.

शुभ्रा

प्रीअल्ब्युमिनचं काय मग? त्याचं अर्धायुष्य दोनच दिवसांचं ना? ते तर चांगलं असायला हवं.

रसायनी

@शुभ्रा, लवकर हलतं हे खरं, पण तेही दाहात खालीच जातं. सीआरपी १८० असताना प्रीअल्ब्युमिन ९ म्हणजे "दाह आहे" एवढंच कळलं, ते सीआरपीने आधीच सांगितलं होतं. दोन्ही एकत्र आणि आठवड्याच्या अंतराने बघितले तर उपयोग होतो. सीआरपी उतरतंय आणि प्रीअल्ब्युमिन चढतंय, तर शरीर बांधणीकडे वळतंय. सीआरपी उतरूनही प्रीअल्ब्युमिन जागचं हलत नसेल, तर आहार खरंच कमी पडतोय का ते तपासा. ट्रान्सफेरिनचं (लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं) अर्धायुष्य ८ ते १० दिवस आणि वागणूक तशीच. त्यात लोहाचा प्रश्न मिसळतो, म्हणून ते आणखी गोंधळाचं.

मोजपट्टी

आकड्यांचा खरा घोळ कॅलरीत आहे, तिकडे वळू या.

जुनं क्युरेरी सूत्र अजून बऱ्याच ठिकाणी वापरतात: २५ × वजन + ४० × भाजलेले टक्के. आपल्या रुग्णासाठी १,७५० + १,६०० = ३,३५० किलोकॅलरी. आता टोरांटो सूत्र लावून बघा:

−४३४३ + (१०.५ × भाजलेले टक्के) + (०.२३ × काल प्रत्यक्ष मिळालेल्या कॅलरी) + (०.८४ × हॅरिस-बेनेडिक्ट सूत्राने आलेला विश्रांतीतला ऊर्जाखर्च) + (११४ × सरासरी ताप सेल्सियसमध्ये) − (४.५ × भाजल्यापासूनचे दिवस)

हॅरिस-बेनेडिक्टने त्याचे १,६७७ येतात. काल २,००० मिळाले असं धरलं तर −४३४३ + ४२० + ४६० + १,४०९ + ४,३८९ − ४५, म्हणजे सुमारे २,२९०. दोन सूत्रांत हजाराहून जास्त किलोकॅलरींचा फरक!

क्युरेरी फक्त वजन आणि टक्के बघतं. ताप, किती दिवस झाले, काल पोटात किती गेलं, यातलं काहीच त्यात नाही. लवकर शस्त्रक्रिया करून जळालेली त्वचा काढण्याची पद्धत रुळायच्या आधीच्या काळातलं ते सूत्र आहे, त्यामुळे आज ते बहुतेक वेळा जास्त दाखवतं. इनडायरेक्ट कॅलरीमेट्री (श्वासातल्या वायूंवरून ऊर्जाखर्च मोजणं) उपलब्ध असेल तर सूत्रांची गरजच नाही, आठवड्यातून एकदा-दोनदा मोजा. नसेल तर मोठ्यांसाठी टोरांटो, लहान मुलांसाठी स्कोफील्ड सूत्र. एस्पेन या युरोपातल्या वैद्यकीय पोषणाच्या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

चिकित्सक

मोजपट्टींचा मुद्दा पुढे नेतो. जास्त दिलं तर बिघडतं काय? तुमच्या रुग्णाची साखर २१० आहे. नसेतून असो वा नळीतून, ग्लुकोजचा वेग मिनिटाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेला की शरीर ते जाळू शकत नाही, त्याची चरबी करतं. ७० किलोला ही मर्यादा दिवसाला ५०४ ग्रॅम. ३,३५० किलोकॅलरींतल्या ६० टक्के कर्बोदकांतून दिल्या तर होतात ५०२ ग्रॅम. म्हणजे नुसत्या आहारानेच मर्यादा गाठली, वर सलाईनमधलं डेक्स्ट्रोज वेगळं.

परिणाम रिपोर्टमध्ये उमटतात. साखर आवरत नाही, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड वाढतं, यकृताचं एन्झाइम एएलटी हळूहळू चढतं (यकृतात चरबी साठते), आणि व्हेंटिलेटरवरचा रुग्ण असेल तर कार्बन डायऑक्साइड वाढून श्वासाची नळी काढणं लांबतं. श्वसन गुणोत्तर (सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन) १ च्या वर म्हणजे जास्त आहाराचा थेट पुरावा.

म्हणून साखर २१० दिसली की नुसतं इन्सुलिन वाढवण्याआधी सगळ्या मार्गांनी किती ग्लुकोज जातंय याची बेरीज करा. साखर १८० च्या खाली ठेवायची, पण ७० च्या खाली एकदाही जाऊ द्यायची नाही.

शुभ्रा

बेरजेत एक गोष्ट हमखास सुटते: प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध. ते चरबीच्या द्रावणात असतं, मिलिलिटरला १.१ किलोकॅलरी. तासाला १५ मिलि चालू असेल तर दिवसाला जवळजवळ ४०० किलोकॅलरी, त्याही सगळ्या चरबीतून. भाजलेल्यांत चरबी एकूण कॅलरींच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवायची असते. ट्रायग्लिसराइड का वाढलं हे शोधताना आधी सिरिंज पंप बघा.

कोवळं ऊन

वाचनखूण साठवली. एक प्राथमिक प्रश्न: इतकी ऊर्जा लागतेच का? माणूस तर पलंगावर पडून असतो.

चिकित्सक

@कोवळं ऊन, प्रश्न महत्त्वाचा आहे. पहिले एक-दोन दिवस चयापचय मंद असतो. मग अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसोल, ग्लुकॅगॉन हे सगळे वाढतात आणि वाढलेलेच राहतात. मेंदूतला तापमानाचा बिंदूच वर सरकतो, म्हणून जंतुसंसर्ग नसतानाही ३८.५ पर्यंत ताप दिसतो. ४० टक्क्यांच्या वर भाजलं तर विश्रांतीतला ऊर्जाखर्च नेहमीच्या दीडपट ते दुप्पट होऊ शकतो. उपासमारीत शरीर खर्च कमी करतं आणि स्नायू वाचवतं. इथे उलट: आधी स्नायूच तोडले जातात, त्यांतल्या अमायनो आम्लांपासून यकृत साखर बनवतं आणि जखम ती वापरते.

दुसरं, त्वचा नाही म्हणजे पाणी उडून जातं आणि त्याबरोबर उष्णता. उडून जाणाऱ्या पाण्याचं सूत्र: (२५ + भाजलेले टक्के) × शरीराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, उत्तर तासाला मिलि. इथे (२५ + ४०) × १.८ = ११७, म्हणजे दिवसाला २.८ लिटर. तुमच्या रुग्णाचं सोडियम १४९ का, त्याचं उत्तर बहुतेक इथेच आहे. लघवी छान होतेय म्हणून पाणी पुरेसं आहे असं वाटतं आणि हे न दिसणारं पाणी हिशेबात येत नाही. खोली २८ ते ३० सेल्सियसला ठेवली तर ऊर्जेची गरज कमी होते. पंखा-एसीखाली ठेवून कॅलरी वाढवत बसणं म्हणजे गळक्या भांड्यात पाणी ओतणं.

मोजपट्टी

प्रथिनांचा हिशेब अजून कोणी मांडला नाही. मोठ्यांना किलोमागे १.५ ते २ ग्रॅम, मुलांना १.५ ते ३. आपल्या रुग्णाला १०५ ते १४० ग्रॅम. पुरतंय का हे अल्ब्युमिन नाही सांगणार, नायट्रोजनचा ताळेबंद सांगेल.

समजा १३० ग्रॅम प्रथिनं पोहोचली. ६.२५ ने भागलं की २०.८ ग्रॅम नायट्रोजन आला. गेला किती? २४ तासांच्या लघवीत युरिया नायट्रोजन १४ ग्रॅम निघाला असं धरू. लघवीतले इतर पदार्थ, शौच यांचे ढोबळ ४. आणि जखमेतून? ३० टक्क्यांहून जास्त जखम उघडी असेल तर किलोमागे ०.१२ ग्रॅम, म्हणजे ८.४ ग्रॅम. एकूण गेले २६.४, तूट ५.६.

जखमेचे ते ८.४ न धरता हिशेब केला तर ताळेबंद अधिक २.८ दिसतो आणि सगळे खूश होतात. ८.४ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे रोज ५२ ग्रॅम प्रथिनं ड्रेसिंगमध्ये जाताहेत! उघडी जखम ११ ते ३० टक्के असेल तर ०.०५, १० टक्क्यांच्या आत असेल तर ०.०२ धरतात. त्यामुळे प्रत्येक त्वचारोपणानंतर किती जखम उघडी राहिली ते विचारून आकडा बदलायचा. भाजलेले टक्के तेच राहतात, उघडे टक्के रोज बदलतात.

गारवा

आणि ती २४ तासांची लघवी खरंच २४ तासांची असायला हवी. पिशवी रिकामी करताना एक वेळचं मोजलं नाही की नायट्रोजन कमी निघतो आणि ताळेबंद उगाच चांगला दिसतो. मूत्रपिंड बिघडलं असेल तर ही पद्धत वापरू नये.

तिसरा प्रहर

क्रिएटिनिन ०.५ वर कोणीच बोललं नाही. लॅबच्या कागदावर ते "चांगलं" दिसतं. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायू वितळले की ते कमी होतं आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) फुगून येतो. दुसरीकडे याच काळात मूत्रपिंडं खरोखरच जास्त वेगानं गाळत असू शकतात आणि अँटिबायोटिक लवकर बाहेर जातं. दोन्ही शक्यता एकाच आकड्यात दडलेल्या. मोजलेलं क्रिएटिनिन क्लिअरन्स आणि शक्य तिथे औषधाची रक्तातली पातळी, यांवरच मात्रा ठरवावी. दर आठवड्याला ०.९, ०.७, ०.५ असं उतरत गेलं, तर माझ्या मते अल्ब्युमिनपेक्षा ही उतरंड पोषणाबद्दल जास्त बोलते.

पाटीपेन्सिल

@तिसरा प्रहर, हे फार मोलाचं. आणि कॅल्शियम ७.४?

रसायनी

अल्ब्युमिन कमी म्हणून एकूण कॅल्शियम कमी दिसतं. ०.८ × (४ − २.१) मिळवलं की ८.९ येतं आणि आपण निश्चिंत होतो. पण अतिदक्षता विभागातल्या रुग्णांत हे सूत्र भरवशाचं नाही. आयनीकृत (प्रथिनांना न बांधलेलं) कॅल्शियम थेट मोजा, विशेषतः रक्त चढवल्यावर, कारण त्यातलं सायट्रेट कॅल्शियमला बांधतं. सोबत मॅग्नेशियम बघाच. ते कमी असेल तर कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही दिलेलं टिकत नाही.

पोटॅशियम पहिल्या दोन दिवसांत पेशी फुटल्याने वर असू शकतं, विजेच्या झटक्याने भाजलेल्यांत जास्तच. नंतर चित्र पालटतं आणि ते खाली जातं.

चिकित्सक

फॉस्फरस १.८ हा या यादीतला आज लगेच हालचाल करायला लावणारा आकडा. आहार सुरू झाला, इन्सुलिन वाढलं, की फॉस्फेट पेशींत शिरतं. वर जखम भरायला ते लागतं आणि लघवीतूनही जातं. अ‍ॅल्युमिनियम असलेली पोटाची औषधं ते आतड्यातच अडवतात, सुक्राल्फेट त्यांपैकीच. फॉस्फरस कमी म्हणजे श्वासाचे स्नायू कमजोर. व्हेंटिलेटर सुटत नसेल तर हेही कारण असतं. आधी भरून काढा, तोवर आहाराचा वेग वाढवू नका, थायमिन (जीवनसत्त्व ब१) सोबत द्या. पहिले दहा दिवस फॉस्फरस रोज बघावा.

शुभ्रा

सूक्ष्म द्रव्यांकडे येऊ या: तांबं, जस्त, सेलेनियम. स्रावातून ती तिन्ही जातात. २० ते ४० टक्के भाजलेल्यांना सुमारे ७-८ दिवस, ४० ते ६० टक्क्यांना दोन आठवडे, त्याहून जास्तीला ३० दिवस नसेतून भर द्यावी, असं एस्पेनचं मत.

रिपोर्ट वाचताना एक खुबी आहे. जस्त आणि सेलेनियम दाहात आपोआप कमी दिसतात, कारण त्यांची वाहक प्रथिनंच कमी झालेली असतात. तांब्याचं उलट. ते सेरुलोप्लाझ्मिन या वाहक प्रथिनावर बसतं आणि सेरुलोप्लाझ्मिन दाहात वाढतं. म्हणून सीआरपी १८० असताना तांबं वाढलेलं दिसायला हवं. ते नुसतं "सामान्य"च्या तळाशी असलं तरी शंका घ्या आणि कमी असेल तर कमतरता खरी माना. जखम भरत नाही, रोपलेली त्वचा (ग्राफ्ट) धरत नाही, रक्त वाढत नाही, आणि जस्ताच्या गोळ्या मात्र महिनाभर चालू, हे दृश्य दिसलं तर आधी तांबं तपासा. तोंडावाटे जास्त जस्त गेलं की आतडं तांबं शोषत नाही.

कोवळं ऊन

आणि जीवनसत्त्व क? ते भरपूर द्यावं असं ऐकलं आहे.

तिसरा प्रहर

@कोवळं ऊन, रोजच्या भरीची मात्रा वेगळी आणि पहिल्या २४ तासांत द्रवाची गरज कमी करण्यासाठी सुचवलेली प्रचंड मात्रा वेगळी. ती तासाला किलोमागे ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसाला ११० ग्रॅम! त्यात दोन धोके. मूत्रपिंडात ऑक्झलेट साचू शकतं. आणि बोटाच्या टोकावर मोजणारे बरेचसे ग्लुकोमीटर फसतात, साखर खोटी जास्त दाखवतात. त्यावर इन्सुलिन दिलं की रुग्णाची साखर खरोखरच धोकादायक कमी होते (हायपोग्लायसेमिया). अशा वेळी साखर प्रयोगशाळेतूनच बघावी.

ग्लुटामीन या अमायनो आम्लाबद्दलही लिहून ठेवतो. ते सर्रास दिलं जायचं. २०२२ मध्ये बाराशेहून जास्त गंभीर भाजलेल्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नळीवाटे ग्लुटामीन देऊन रुग्ण लवकर बरे होऊन घरी गेले नाहीत. त्याआधीची पुस्तकं वाचताना हे ध्यानात असू द्या. ऑक्झँड्रोलोन या स्टेरॉइडचंही तसंच. स्नायू राखण्यासाठी शिफारस होती, अमेरिकेत २०२३ मध्ये त्याची मान्यता मागे घेतली गेली. हृदयाचा वेग आणि ऊर्जाखर्च उतरवायला प्रोप्रॅनोलॉल मात्र अजून वापरात आहे.

गारवा

एवढी सूत्रं झाली, पण ठरवलेलं पोटात जातं का, हे कोणीतरी बघायला हवं. २,२९० किलोकॅलरी, मिलिलिटरला १.५ वाला आहार, म्हणजे १,५२७ मिलि, तासाला ६४. शस्त्रक्रियेसाठी ८ तास बंद ठेवला तर एक तृतीयांश गेला. आठवड्यात दोन शस्त्रक्रिया, शिवाय ड्रेसिंग, सीटी स्कॅन. कागदावर १४० ग्रॅम प्रथिनं, पोटात ९०.

उपाय सोपा आहे. आदेश "तासाला ६४" असा न लिहिता "२४ तासांत १,५२७ मिलि" असा लिहायचा. ८ तास गेले तर उरलेल्या १६ तासांत तासाला ९५ ने भरून काढायचं, विभागाची कमाल वेगमर्यादा पाळून. श्वासनलिकेत नळी आहे आणि आहाराची नळी जठराच्या पुढे आहे, अशा रुग्णात शस्त्रक्रियेदरम्यानही आहार चालू ठेवतात. ते भूलतज्ज्ञांशी आधी बोलून ठरवायचं. आणि सुरुवात १२ तासांच्या आत. उशीर झाला की आतडी सुस्तावतात.

मोजपट्टी

गारवा, अगदी. त्याला जोडून: काल व्यवस्थित पचत होतं आणि आज पोट फुगलं, जठरात आहार साचतोय, साखर अचानक २०० च्या वर, प्लेटलेट लाखाच्या खाली. हे सगळं एकत्र दिसलं तर आहार बदलत बसू नका, जंतुसंसर्ग शोधा. भाजलेल्यांत ताप आणि पांढऱ्या पेशी फारसं सांगत नाहीत, त्या तशाही वाढलेल्याच असतात. आहार न पचणं हे संसर्गाचं बोलकं लक्षण आहे. पांढऱ्या पेशी उलट कमी झाल्या तर जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिन मलम चालू आहे का तेही बघा, त्याने त्या तात्पुरत्या उतरतात.

कोवळं ऊन

घरी गेल्यावर हे सगळं संपतं का? आमच्यासारख्या नातेवाइकांनी काय बघायचं?

चिकित्सक

@कोवळं ऊन, जखम भरली तरी वाढलेला चयापचय लगेच थांबत नाही. मोठ्या भाजण्यात तो वर्ष-दोन वर्षं वर राहू शकतो. आठवड्याला एकदा त्याच काट्यावर वजन, सकाळी, हलक्या कपड्यांत. प्रथिनांची गरज लगेच उतरवू नका. व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने, कारण हालचालीशिवाय दिलेल्या कॅलरींची चरबी होते, स्नायू नाही. ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. व्रण झालेली त्वचा ते नीट बनवत नाही आणि उन्हापासून तिला जपायचंही असतं. मुलं असतील तर उंचीची नोंद ठेवा, वाढ मंदावते. मधुमेह आहे का म्हणून एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) बघणार असाल तर नुकतंच रक्त चढवलेलं असताना त्या आकड्यावर विसंबू नका.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते. वजन ७४ राहिलं होतं. ७० चा माणूस दहाव्या दिवशी ७४ म्हणजे सूज अजून उतरायची आहे, म्हणून हिशेब ७० वरच करायचे, हे बरोबर ना? आणि सूज उतरताना वजन घटेल तेव्हा पाणी किती आणि स्नायू किती, हे कसं ओळखायचं?

मोजपट्टी

हो, हिशेब भाजण्यापूर्वीच्या कोरड्या वजनावर. सूज असेपर्यंत वजन पोषणाचं माप नाही. पण द्रवाचा ताळेबंद आणि वजन शेजारी-शेजारी लिहा. वजन ३ किलोने उतरलं आणि द्रव तीन लिटरच वजा असेल तर ते पाणी. द्रवाची बाजू सम आणि वजन उतरतंय तर ऊती जाताहेत. वजन करताना ड्रेसिंग आणि स्प्लिंट किती किलोची आहेत तेही टिपा, ओल्या जाड ड्रेसिंगने आकडा सहज फिरतो. ७० च्या खाली १० टक्के, म्हणजे ६३ पर्यंत वेळ येऊ द्यायची नाही.

रसायनी

माझ्याकडून तुमच्या रुग्णाचा क्रम असा: फॉस्फरस आज भरा, मॅग्नेशियम आणि आयनीकृत कॅल्शियम मागवा. सोडियमसाठी नळीतून पाणी वाढवा, पण सावकाश, २४ तासांत १० पेक्षा जास्त उतरू न देता. साखरेसाठी ग्लुकोजची बेरीज. कालच्या प्रत्यक्ष पोहोचलेल्या कॅलरी आणि प्रथिनं काढा. नायट्रोजनचा ताळेबंद आठवड्यातून एकदा, उघड्या जखमेचे टक्के धरून. प्रीअल्ब्युमिन आणि सीआरपी सोबतच, आठवड्यातून एकदा. अल्ब्युमिन येईल तेव्हा येईल.

शुभ्रा

आणि रक्त कुठून घेतलं ते विचारा. ज्या लाइनमधून डेक्स्ट्रोज किंवा पोटॅशियम चालू आहे तिच्यातूनच नमुना ओढला तर साखर ४०० आणि पोटॅशियम ७ सुद्धा येतं. भाजलेल्यांत शीर मिळणं कठीण, त्यामुळे हे नेहमी होतं. आर्टेरियल लाइन (धमनीतली नळी) असेल तर तिथून, सुरुवातीचं रक्त बाजूला काढून मगच नमुना घ्या. सुईतून जोरात ओढलेलं रक्त फुटतं आणि पोटॅशियम-फॉस्फरस दोन्ही खोटे वाढतात. तुमचा १.८ अशा नमुन्यातला असेल तर खरा आकडा त्याहूनही खाली आहे.